चाकणकरांचं वाकणं

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला योगाची आठवण वर्षातून दोनदा येते. एकदा कंपनीच्या वार्षिक मेडिकल चेकअपचा रिपोर्ट हातात पडतो तेव्हा, आणि एकदा २१ जूनला.

पहिला प्रसंग खासगी. ट्रेनिंग हॉलमध्ये हिरवे पडदे लावून वजन, उंची, बीपी, डोळे, कान असं सगळं तपासून होतं आणि आठवडाभरात बंद पाकीट येतं. पाकीट बंद असलं तरी आत काय आहे हे अख्ख्या लाइनला माहीत असतं, कारण सगळ्यांच्याच पाकिटात तेच असतं. शुगर काठावर, कोलेस्टेरॉल काठ ओलांडून पलीकडे, आणि कंबर टेपला जेमतेम पुरेल एवढी. त्याखाली डॉक्टरांचा शेरा. पूर्वी डॉक्टर 'सकाळी फिरायला जा' असं लिहायचे. पण सकाळी सहाला कंटेनरच्या कडेकडेने फिरणं तब्येतीला चांगलं की वाईट, यावर कुणाचं एकमत होईना. तेव्हापासून ते 'योगा करा' असं लिहितात. यात कुणाला अपाय व्हायची भीती नाही, कारण कुणी करत नाही.

दुसरा प्रसंग सार्वजनिक. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला, पुढच्या वर्षी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसांनी एकाच वेळी आसनं करून विक्रम केला, आणि आमच्या एचआरच्या वार्षिक आराखड्यात ४ मार्चचा सुरक्षा दिन आणि ५ जूनचं वृक्षारोपण यांच्या पुढची रिकामी ओळ भरली. त्या दिवशी डिस्पॅच यार्डात ताडपत्री अंथरतात. टी-शर्ट वाटतात, काडी पोरांना एक्सएल आणि माझ्या वयाच्यांना मीडियम. फोटो ताडासनात काढतात, कारण त्यात सगळ्यांचेच हात वर असतात आणि कुणाचं काय चुकलंय ते कळत नाही. शवासन मात्र आमच्याकडे फार उच्च प्रतीचं होतं. नाइट संपवून आलेली मंडळी त्यात एकदा गेली, की 'बस सुटली' असं कानात ओरडल्याशिवाय परत येत नाहीत.

पण हा झाला कार्यक्रम. क्लास वेगळा. क्लासची फी स्वतःच्या खिशातून जाते, टी-शर्ट मिळत नाही, आणि शेजारी कोण येऊन बसेल याची शाश्वती नसते. म्हणून क्लासला जाण्याआधी तयारी करावी लागते. आमच्या पट्ट्यात तयारीशिवाय काही सुरूच होत नाही. नवा पार्ट लाइनवर घ्यायचा म्हटलं तर आधी ड्रॉइंग, मग फिक्स्चर, मग गेज, मग ट्रायल, मग कस्टमरची मंजुरी. इथे तर पंचेचाळिशीचा आख्खा माणूस वाकवायचा होता.

तसं पाहिलं तर या बाबतीत आमच्याइतक्या मोक्याच्या जागी जगात दुसरं कुणी राहत नसेल. लोणावळा लोकलच्या एका टोकाला, पुण्यात, बी. के. एस. अय्यंगारांची संस्था. १९३७ मध्ये ते योग शिकवायला पुण्यात आले तेव्हा विशीही गाठलेली नव्हती. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांची भेट झाली आणि युरोपचा रस्ता उघडला, १९६६ मध्ये 'लाइट ऑन योगा' आलं, १९७५ मध्ये रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. लोकलच्या दुसऱ्या टोकाला, लोणावळ्यात, कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ मध्ये काढलं आणि योगक्रिया करताना माणसाच्या पोटात नेमकं काय होतं हे एक्स-रे लावून, दाब मोजून पाहिलं. क्वालिटी डिपार्टमेंटने ज्यांच्या फोटोला हार घालावा असा हा संन्यासी. या दोन्ही टोकांना सातासमुद्रापलीकडून माणसं येतात, पाय डोक्यामागे नेऊन परत जातात. आणि मधे? मधे दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड. इतकी वर्षं योगविद्या आमच्या अंगावरून ये-जा करते आहे, पण मधल्या स्टेशनांना तिचा थांबा नाही. नाही म्हणायला शहराला एक स्पाइन रोड आहे. तोही कैक वर्षं त्रिवेणीनगरापाशी आखडलेला होता.

तयारीतला पहिला प्रश्न वेळेचा. योगाचं म्हणणं असं, की रोज एका ठरावीक वेळी करा. कंपनीचं म्हणणं असं, की या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, त्याच्या पुढे नाइट. फर्स्टला असताना सकाळी सहाची बॅच धरावी तर सहाला आपण बसमध्ये झोपलेलो असतो. सेकंडला असताना संध्याकाळची बॅच संपते तेव्हा आपला चहाचा ब्रेक झालेला असतो. नाइटवाल्याने योगा कधी करावा यावर कुठल्याच ग्रंथात काही सापडत नाही. ऋषिमुनींना तिसरी पाळी नसावी. मी जनरल शिफ्टचा, म्हणजे कागदावर सुखी. पण चाकणहून संध्याकाळी निघून निगडी-प्राधिकरणात सातच्या बॅचला पोचणं ही गोष्ट मनुष्याच्या हातची नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणच्या संग्रामदुर्गात शाहिस्तेखानाची फौज पन्नासहून जास्त दिवस अडवून धरली होती. ते काम आता तळेगाव चौक एकट्याने करतो. फरक एवढाच, की खानाला आत शिरायचं होतं आणि आम्हाला बाहेर पडायचं असतं.

शिवाय सुट्टीचा घोळ. विजेचा भार विभागण्यासाठी म्हणून भोसरी-पिंपरीच्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाकीचं जग रविवारी झोपतं तेव्हा आम्ही कामावर, आणि आम्ही गुरुवारी मोकळे असतो तेव्हा बायको ऑफिसात, मुलं शाळेत, न्हावी दुकान बंद करून गावाला. योगाचा क्लास रविवारी बंद. म्हणजे गुरुवार हा आमच्या आणि क्लासच्या कॅलेंडरमधला एकमेव सामाईक दिवस निघाला. पहिला क्लास गुरुवारी सकाळी, असं ठरलं.

आता साहित्य. क्वालिटीतला माझा मित्र कुठल्याही खरेदीआधी एकच प्रश्न विचारतो, "स्टँडर्ड काय म्हणतं?" म्हणून आम्ही दुपारच्या जेवणानंतर स्टँडर्ड शोधायला लागलो. पतंजलींची सूत्रं दोनशेच्या आतबाहेर. त्यात खास आसनावर किती असावीत? तीन. आणि त्यातली मुख्य अट एवढीच, की बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं. मित्र हिरमुसला. म्हणाला, "मोजमाप नाही, टॉलरन्स नाही. असलं ड्रॉइंग कस्टमरने पाठवलं तर मी परत पाठवीन." गीतेचा सहावा अध्याय त्याला जास्त पटला, कारण त्यात मटेरियल दिलंय. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. आणि उंची फार जास्त नको, फार कमी नको. "हं, हे मल्टिलेअर झालं," तो म्हणाला. ज्ञानेश्वरांनी त्याच जागी साइट कंडिशन्स सविस्तर दिल्या आहेत. बसल्यावर उठावंसंच वाटू नये अशी जागा, निर्मळ पाणी, मंद वारा, माणसांची वर्दळ नाही. हे लिहिलं १२९० मध्ये नेवाशाला, आणि समाधी घेतली ती आमच्या शेजारी आळंदीला. आळंदीहून मोशीमार्गे चाकणला येताना हल्ली यातली एकही अट पुरी होत नाही, पण तो दोष माउलींचा नव्हे.

दर्भ आणि मृगाजिन दोन्ही स्टॉकमध्ये नसल्यामुळे मी मॅट मागवली. चांगली जाड, आठ एमएम, जांभळी. मॅट जांभळीच का असते हे कुणी सांगू शकत नाही. ती ऑफिसच्या पत्त्यावर मागवली ही बाब विशेष, कारण आमच्या ऑफिसात बाहेरून आलेला कुठलाही माल इनकमिंग इन्स्पेक्शनशिवाय आत जात नाही. खोका उघडताच रबर शॉपमधला एक सहकारी वासावरून आला. त्याने कोपरा दोन बोटांत धरून चुरगाळला, सोडला, पुन्हा चुरगाळला.

"मटेरियल?"

"एनबीआर लिहिलंय."

"एनबीआर? त्याची आपण ऑइल सील करतो. ओ-रिंग करतो. तुम्ही त्याच्यावर झोपणार?"

"फोम आहे तो."

"ते दिसतंयच." त्याने खिशातून हार्डनेस टेस्टर काढला. पेन बाळगावं तसा हा माणूस हार्डनेस टेस्टर बाळगतो. मॅटवर दाबून धरला. काटा जागचा हलला नाही. "शोअर ए-वर रीडिंगच नाही. याला डबल-ओ स्केल लागेल." तोवर कुणीतरी व्हर्निअर आणून जाडी मोजली. सात पॉइंट दोन. आठ म्हणून सात पॉइंट दोन दिली म्हणजे सप्लायरला काय बोलायचं याची चर्चा सुरू झाली, तेवढ्यात मेट्रॉलॉजीवाला म्हणाला, की अरे मऊ मालाला व्हर्निअर लावता होय, जबडा दाबला की जाडी कमीच येणार, थिकनेस गेज आणा. थिकनेस गेज कॅलिब्रेशनला गेला होता. मॅटवर पिवळं 'होल्ड' चं लेबल लागलं आणि ती दोन दिवस रिजेक्ट मालाच्या लाल पिंजऱ्याशेजारी पडून राहिली.

रबरवाल्याने जाताजाता एक खरी कामाची गोष्ट सांगितली. जाड मॅट बसायला बरी, पण एका पायावर उभं राहायचं झालं की पाय तिच्यात बुडतो आणि माणूस डुलायला लागतो. चार-पाच एमएमची घ्यायला हवी होती. ज्यांचे गुडघे टोचतात त्यांनी खाली घडी घालावी. पुढे तो असंही म्हणाला, की ही चिकट मॅट मुळात युरोपात गालिचा सरकू नये म्हणून त्याच्याखाली घालायच्या थरापासून निघाली. म्हणजे मृगाजिनाची जागा गालिच्याच्या अस्तराने घेतली. चालायचंच.

कपड्यांचा प्रश्न सोपा वाटला होता. ट्रॅक पँट एक होती, स्पोर्ट्स डेची. ती घालून आरशासमोर उकिडवा बसलो तेव्हा शिवणीतून एक बारीक आवाज आला, आणि हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय फाटलं?" काही फाटलं नव्हतं, पण जे व्हायचं होतं त्याची पूर्वसूचना मिळाली होती. नवी पँट आणली. टी-शर्ट मात्र घरात ढिगाने. गेल्या पंधरा वर्षांतला प्रत्येक क्वालिटी मंथ, प्रत्येक सेफ्टी वीक, प्रत्येक सप्लायर मीट माझ्या कपाटात घडी घालून आहे. त्यातला एक निवडला. पुढे कंपनीचं बोधचिन्ह, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'शून्य दोष, हाच आमचा ध्यास'. पुढे वाकून पाहिलं तेव्हा टी-शर्ट पाठीवरून घसरत डोक्यावर आला आणि पोट घरातल्या सगळ्यांना दिसलं. मागे बसणाऱ्याला दोष दिसणार आणि घोषणा दिसणार नाही, हे लक्षात आल्यावर तो रद्द केला.

आणि पाय! याचा विचार कुणीच करत नाही. सेफ्टी शूजमध्ये आयुष्य काढलेला पाय हा एक वेगळा प्राणी आहे. तो पांढरट असतो, त्याची बोटं एकमेकांना चिकटून एकच झालेली असतात, आणि करंगळी नुसती नावापुरती उरलेली असते. टाचांच्या भेगा मोजायला फीलर गेज लागेल. योगा अनवाणी करतात हे कळल्यावर मी आदल्या रविवारी रात्री न्हाणीघरात वज्री घेऊन बसलो. अर्ध्या तासाने हिने दार वाजवून विचारलं, की आत काम चाललंय का. मी म्हटलं, सरफेस फिनिश चाललंय.

इथवर सगळं वस्तूंचं झालं. खरी तयारी वेगळीच असते, आणि ती प्रत्येक जण चोरून करतो. क्लासला जाण्याआधी आपल्याला निदान थोडं तरी वाकता यायला हवं, असं नवख्या माणसाला मनापासून वाटत असतं. पहिल्याच दिवशी हात गुडघ्यापर्यंतच पोचले तर लोक काय म्हणतील? म्हणून तो घरी सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत, दिवा न लावता, सराव करतो. थोडं जमायला लागलं की जाऊ, असं म्हणत म्हणत त्याचे महिने जातात. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ असे आहेत, की ते तीन वर्षांपासून पुढच्या महिन्यात क्लास लावणार आहेत.

मी पायाचे अंगठे धरायच्या प्रयत्नात असताना आई बाहेर आली. खेडची. वारी चुकवत नाही. तिने मेथीची जुडी आणली होती आणि निवडायला जमिनीवर फतकल मारून बसली.

"काय पडलं रे?"

"काही नाही."

"मग शोधतोस काय खाली?"

"योगा करतोय."

तिने थोडा वेळ पाहिलं. "गुडघे का वाकवतोस?"

"वाकवत नाही, वाकतात."

मेथी निवडून झाली. कशालाही हात न टेकता ती उठली, पाटी कमरेवर घेतली आणि आत जाता जाता म्हणाली, "मी पण येऊ का तुझ्याबरोबर गुरुवारी? घरी बसून तरी काय करायचंय." मी इतक्या घाईने 'नको' म्हटलं, की तिला थोडं वाईट वाटलं असावं.

मला यात एक गंमत वाटते. शिकाऊ माणूस म्हणजे काय हे आमच्या पट्ट्याइतकं कुणाला माहीत असणार? शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्याच्या जोरावर आयटीआयची पोरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आली, बावचळली आणि शिकली. आजही गेटवर एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पंचवीस पोरं रांगेत उभी दिसली की ओळखावं, नवी बॅच. त्यांना काही येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फिटरच्या ट्रेडला सुरुवातीला कानस हातात देतात आणि लोखंडाचा एक चौकोनी तुकडा. घास. आठवडाभर घास. उस्ताद येतो, गुण्या लावतो, तुकडा उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत हातात. बोलायचं काहीच नाही. पुन्हा घास. मीही असाच घासत वर आलो. पण एकदा सुपरवायझर झालं, मग मॅनेजर झालं, की दुसऱ्याच्या तुकड्याला उजेडाकडे धरायची इतकी सवय होते, की आपला तुकडा कुणी उजेडाकडे धरेल ही कल्पनाच सोसत नाही. ट्रॅक पँट, मॅट, वज्री हे सगळं त्या टोपीच्या भीतीने होतं. कोणी सांगत नाही, मी सांगतो.

बुधवारी जेवताना क्वालिटीतल्या मित्राने कागदी रुमालावर एफएमईए काढायला घेतलं. पहिल्या क्लासमध्ये काय काय बिघडू शकतं? तोल जाणं, पँट उसवणं, झोप लागणं हे किरकोळ मुद्दे पटापट झाले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पवनमुक्तासन."

टेबल गंभीर झालं. त्या दिवशी कॅन्टीनला छोले होते.

"सिव्हेरिटी?" "आठ. समाजात राहायचंय." "ऑकरन्स?" सगळ्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "नऊ." "आता डिटेक्शन. आवाजासहित झालं तर दोष लगेच सापडतो, म्हणून एक. आठ नवे बहात्तर, गुणिले एक, आरपीएन बहात्तर. काळजीचं कारण नाही. पण आवाज न होता झालं, तर कुठून आलं ते कळणारच नाही. डिटेक्शन दहा. आरपीएन सातशे वीस." त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे सायलेंट मोड दहापट धोकादायक."

जर्मन कंपनीत काम केलेला एक जण शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "आरपीएन २०१९ च्या हँडबुकपासून गेलं. आता ॲक्शन प्रायॉरिटी बघतात."

"मग ती काय येते?"

"हाय."

करेक्टिव्ह ॲक्शन म्हणून माझ्या ताटातले छोले त्यांनी वाटून घेतले.

संध्याकाळी शेवटी मी क्लासच्या मॅडमना फोन केला. हे काम पहिल्या दिवशी करायचं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या म्हणाल्या, "रिकाम्या पोटी या, जेवण झालं असेल तर मधे तीन-चार तास जाऊ द्या. कपडे सैल असू द्या. एक चादर आणा. बीपी आहे का? पाठीचं काही? एखादं ऑपरेशन? गुडघे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, एकदोन प्रश्न अधिक विचारले, आणि बीपी सांगितल्यावर म्हणाल्या, की काही आसनं तुम्हाला वगळून देईन, ते माझ्यावर सोडा. मग मी विचारलं, "मॅट?"

"इथे आहेत."

"पायाचे अंगठे धरता यायला लागतात का आधी?"

"ते येत असते तर तुम्ही फोन कशाला केला असतात?"

एवढ्यावर फोन संपला. मॅट त्या वेळी होल्डवरून सुटून माझ्या गाडीच्या डिकीत पोचली होती, आणि आजही तिथेच आहे. स्टेपनी बदलायला बसताना गुडघ्याखाली फार छान.

गुरुवारी क्लासला पोचलो. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, खिडक्या रस्त्याकडे. मॅडमनी सगळ्यांना घडी केलेल्या चादरीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि 'बाहेरचे आवाज हळूहळू दूर जाऊ द्या' असं म्हणाल्या, तोच खाली एक टेम्पो रिव्हर्स घ्यायला लागला आणि त्याच्या हॉर्नने आरती सुरू केली. मॅडम थांबल्या नाहीत. त्यांना सवय असावी. पाच मिनिटं नुसता श्वास. श्वास आत, श्वास बाहेर. मी एक डोळा उघडून उजवीकडे पाहिलं.

उजवीकडे आमचे जीएम बसले होते. नव्याकोऱ्या ट्रॅक पँटमध्ये, घडीची रेघ अजून मोडलेली नव्हती. त्यांचाही एक डोळा उघडा होता.

दोघांनीही डोळे मिटले.

पाय पुढे लांब करून बसायला सांगितलं तेव्हा मॅडमनी मदतीला एका ज्येष्ठ विद्यार्थ्याला बोलावलं. पांढरा बनियन, पांढरा पायजमा, अंगावर मांसाचा कण नाही. आमच्याच प्लांटचे निवृत्त फिटर. माझ्या पहिल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली मी तुकडे घासले होते. ते आधी स्वतः बसले. पाठ ताठ, पाय जमिनीला चिकटलेले, पुढे वाकले आणि कपाळ गुडघ्याला टेकवून तिथेच आरामात राहिले. मग उठून एकेकाजवळ आले. जीएमच्या मागे उभे राहिले, खांदे दोन्ही हातांनी हलकेच मागे घेतले, म्हणाले, "साहेब, पोट आधी, डोकं नंतर. डोक्याने वाकायचं नाही." जीएमनी मान डोलवली. एवढी नम्र मान मी त्यांची मॅनेजमेंट रिव्ह्यूत कधी पाहिली नव्हती.

मग माझ्याकडे वळले. वाकून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून, त्यांनी माझ्या गुडघ्याखालून खिडकीकडे पाहिलं.

"उजेड येतोय," ते म्हणाले.

"कमी होईल का?"

"का नाही? घासायचं." आणि पुढच्याकडे गेले.

जीएम माझ्याकडे न बघता, श्वास बाहेर सोडता सोडता पुटपुटले, "कंपनीत कुणाला सांगू नका."

"नाही सर. तुम्ही पण."

"तुमचा पहिलाच दिवस?"

"हो सर. तुमचा?"

"माझा दुसरा."

म्हणजे ते मला एका दिवसाने सीनियर निघाले. इथेही!

"बोलणं बंद," मॅडम म्हणाल्या. "दोघेही. उजवा पाय वर."